नऊ मोबाइलांवर विखुरलेली सहल: फोटो गोळा करणं, वाटणं आणि टिकवणं

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "दिवाळीच्या सुट्टीत आमची चार घरं, म्हणजे अमळनेर, भुसावळ, सुरत आणि पुणे, मिळून टेम्पो ट्रॅव्हलरने फिरून आली. पद्मालय, प्रकाशा, तोरणमाळ आणि शेवटी अजिंठा. फोटो नऊ मोबाइलांवर आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही आले, त्यातले काही आता उघडत नाहीत. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यांना दाखवायचे कसे, सगळ्यांना वाटायचे कसे आणि वीस वर्षांनी मुलांच्या हाती लागतील असे ठेवायचे कसे? घरात सासऱ्यांच्या काशीयात्रेचा एक जुना अल्बमही आहे, त्याची पानं पिवळी पडून चिकटली आहेत. त्याचं काय करावं?"

ताई, वाटायचे कसे आणि टिकवायचे कसे हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून विचारलेत. मी त्यांचं उत्तर एकत्रच देणार आहे. जळगावात स्टुडिओ चालवताना आणि लोकांचे जुने अल्बम स्कॅन करताना मला एक गोष्ट सारखी दिसत आली आहे: जो फोटो दुसऱ्या घरी गेला, तो वाचला. मूळ घरातला अल्बम माळ्यावर वाळवीने खाल्ला, पुराच्या पाण्यात भिजला, नाहीतर वाटण्या झाल्या तेव्हा कुठल्या पेटीत गेला ते कुणालाच कळलं नाही. पण आत्याला पोस्टाने पाठवलेली एक प्रत तिच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली सुखरूप राहिली. तीच प्रत घेऊन तिचा भाचा माझ्याकडे येतो आणि सांगतो, आजोबांचा एवढा एकच फोटो उरला आहे.

तुम्ही अजिंठा पाहून आलात आणि तुमचं एक घर भुसावळला आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो. मेजर रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचं काम मिळालं. वर्षानुवर्षं तिथे राहून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत तिथे होत्या तेवढ्या जळून गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला करून घेतल्या. त्याही लंडनलाच एका जागी ठेवल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या पुष्कळ गेल्या. एवढ्या माणसांचे एवढे कष्ट, आणि दोन्ही वेळा बहुतेक सगळं एकाच छपराखाली. गिलने लेण्यांचे फोटोही काढले होते. ते १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाले, प्रती अनेकांच्या हाती गेल्या, आणि म्हणून ते फोटो आजही पाहायला मिळतात. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळलाच आहे. भुसावळच्या मुलांना हे माहीत असायला हवं.

तेव्हा तुमच्या सहलीसाठी माझं म्हणणं असं: चारही घरांत ती सहल हाताने उघडून पाहता येईल अशा रूपात असली पाहिजे, आणि मूळ फोटो किमान दोन वेगवेगळ्या गावांत असले पाहिजेत. बाकी सगळी कामं यासाठीच करायची.

पहिलं काम गोळा करण्याचं, आणि ते आता लगेच. दिवाळी होऊन गेली आहे. नऊ फोनांपैकी एखादा येत्या वर्षभरात बदलेल, पडेल, चोरीला जाईल किंवा 'जागा संपली' म्हणून कुणीतरी गॅलरी रिकामी करेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचे जे फोटो उघडत नाहीत त्यांचं कारण बहुतेक हेच की ते त्या वेळी डाउनलोड केले नव्हते. असा फोटो त्यांच्या सर्व्हरवर कायम राहत नाही, ठरावीक मुदतीनंतर तिथून जातो. ज्याने पाठवला त्याच्याकडून पुन्हा मागवा, दुसरा इलाज नाही.

पुन्हा मागवताना मात्र फोटो म्हणून मागवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं, लांबीकडची बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येते. ४ बाय ६ इंचाची चांगली प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, काढायची तर १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. म्हणजे लहान प्रिंट कशीबशी निघते, पण तोरणमाळच्या सीताखाईचा फोटो भिंतीवर मोठा लावायचा म्हटलं की तो फुटतो. दुसरं नुकसान याहून मोठं आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फोनने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या आत तारीख, वेळ आणि बऱ्याचदा जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून गेला की ती नोंद पुसली जाते. मग नऊ जणांचे फोटो एकत्र केल्यावर पद्मालयाचं तळं, तोरणमाळचा यशवंत तलाव आणि प्रकाशाचा घाट यांची अशी सरमिसळ होते की निवडणारा हात टेकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत ही नोंद शाबूत राहते.

सुरत आणि पुण्याच्या घरांसाठी सोपी वाट म्हणजे गूगल फोटोजवर एक सामाईक अल्बम करायचा आणि प्रत्येकाने आपापले फोटो त्यात टाकायचे. अपलोड 'मूळ दर्जा' या पर्यायावर ठेवा. एक ध्यानात असू द्या: १ जून २०२१ पासून तिथे अमर्याद फुकट जागा मिळत नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, त्यातच आता अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. व्हिडिओ खूप असतील तर त्यांच्यासाठी वेगळी सोय करा. अमळनेर-भुसावळवाल्यांना तर एवढंही नको. एक ओटीजी पेन ड्राइव्ह घ्या, रविवारी एकमेकांकडे जाणं होतंच, तेव्हा फोनला लावून सगळं उतरवून घ्या. आणि या कामाला एकच माणूस नेमा. सगळ्यांचं काम ते कुणाचंच काम नसतं. घरात अकरावी-बारावीची एखादी मुलगी असते जिला यात रस असतो, तिला सांगा. फोल्डरचं नाव वर्ष आणि महिन्यापासून सुरू करा, म्हणजे '२०२४-११ तोरणमाळ' असं. मग दहा वर्षांच्या सहली आपोआप ओळीने लागतात. घरात जुना डिजिटल कॅमेरा वापरला असेल तर त्याचं घड्याळ चुकीचं असण्याची दाट शक्यता आहे. एखादा प्रसंग त्या कॅमेऱ्याने आणि फोननेही टिपला असेल तो शोधा, वेळेतला फरक तिथे कळतो.

आता निवड. सगळे फोटो ठेवा, पुसू नका, पण दाखवण्यासाठी आणि छापण्यासाठी साठ-सत्तर निवडा. इथे माझं मत जरा आग्रही आहे. लेण्यांचे, धबधब्याचे, मंदिराच्या कळसाचे फोटो तुमच्यापेक्षा चांगले जगात हजारो आहेत. त्यातले एखाद-दोन घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, आत उजेड मंद असतो, तेव्हा तिथले तुमचे फोटो थोडे अंधुक आले असतील तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याच नऊ फोनांत आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही असं काय आहे ते बघा. पद्मालयाच्या पायऱ्यांवर बसून चपलेचा तुटलेला पट्टा सुतळीने बांधणारे काका. गाडीत मागच्या सीटवर एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून झोपलेली पोरं. घरून नेलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा वर्तमानपत्रावर मांडून रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसलेली पंगत. शेवभाजी इतकी तिखट लागली की पुण्याच्या जावईबापूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तो फोटो. हे फोटो बहुतेक वेळा तिरपे असतात, कुणाचा तरी हात मध्ये आलेला असतो. तरीही घ्या. पुढे पोरं हेच बघतील.

निवडताना माणसांची यादी हाताशी ठेवा आणि सहलीला आलेला प्रत्येक जण किमान एकदा स्पष्ट दिसतो ना, हे ताडून बघा. जो फोटो काढत असतो तो फोटोत नसतो, आणि स्वयंपाकाचं बघणाऱ्या बायका गटाच्या फोटोत मागच्या रांगेत अर्ध्या झाकलेल्या असतात. घरोघरच्या अल्बमांत मी हे पाहत आलो आहे. तुमच्याच घरात तुम्ही स्वतः किती फोटोंत आहात ते मोजा. कमी असाल तर दुसऱ्यांच्या फोनात शोधा, सुरतेच्या नणंदेने काढलेला एखादा निघेल. गाडीच्या ड्रायव्हरभाऊंचाही एक घ्या आणि त्यांना त्यांची प्रत पाठवा. तोरणमाळचा घाट त्यांनी सगळ्यांना सुखरूप चढवला-उतरवला आहे.

यापुढचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: नावं आणि बोलणं. जुने अल्बम माझ्याकडे येतात तेव्हा लोक विचारतात, हा फाटलेला कोपरा नीट होईल का, हा डाग जाईल का. तो होतो, जातो. पण फेटा बांधलेल्या सात माणसांच्या ओळीत तिसरा कोण, हे मी कुठल्याही सॉफ्टवेअरने काढून देऊ शकत नाही. धुळ्याला इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या नावाने १९२७ मध्ये स्थापन झालेलं संशोधन मंडळ आहे. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरं गोळा करत. कागद हातात आला की कुणी, कुणाला, कुठून, कधी लिहिला हे आधी बघावं लागतं, त्याशिवाय तो कागद इतिहासाच्या कामी येत नाही. घरातल्या फोटोलाही हेच चार प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं देणारी माणसं समोर आहेत तोवर विचारायचे.

म्हणून सासूबाईंना 'दाखवायचे कसे' यावर माझं उत्तर: मोबाइलवर दाखवू नका. ऐंशीच्या माणसाच्या हातात फोन दिला की बोट लागून फोटो सरकतो, मध्येच कुणाचा तरी फोन येतो, आणि त्या संकोचून फोन परत देतात. निवडलेल्या फोटोंच्या ४ बाय ६ च्या, जमलं तर ५ बाय ७ च्या प्रिंट काढा. ग्लॉसीपेक्षा मॅट घ्या, खिडकीचा उजेड त्यावर चमकत नाही आणि बोटांचे ठसे कमी उठतात. गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवा आणि शेजारी बसा. त्या एकेक उचलतील, डोळ्यांजवळ नेतील आणि विचारतील, "हाऊ कोन शे?" (हा कोण आहे?) तिथून बोलणं सुरू होतं. आज प्रकाशाचा घाट बघताना त्यांना लहानपणी बैलगाडीने गेलेली जत्रा आठवेल, तापीत गोमाई जिथे मिळते तिथे स्नान केलेलं आठवेल. तुमच्या सहलीचा फोटो हे निमित्त, त्यांच्याकडून खरी जुनी सहल बाहेर येते.

ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. आधी त्यांना सांगा की रेकॉर्ड करतोय, चोरून नको. साधं रेकॉर्डर अ‍ॅप चालतं. फोन जमिनीवर किंवा स्टीलच्या डब्यावर ठेवू नका, घडी केलेल्या टॉवेलवर त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा आणि कूलर बंद करा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय बसवत नाही हे खरं, पण कूलरच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा आवाज पार बुडतो. म्हणून सकाळी लवकर, चहा झाल्यावर बसा. अर्धा तास पुरे, नंतर दुसऱ्या दिवशी. मुलांपैकी कुणीतरी फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हणावा, 'बारा नंबर', आणि मग आजीने बोलावं. हे एवढं केलं की पुढे कुठला आवाज कुठल्या फोटोचा हे शोधावं लागत नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. त्या अहिराणीत बोलतील, बोलू द्या. 'आजी, नीट मराठीत सांग' असं पोरांना म्हणू देऊ नका, आणि लिहून काढताना शुद्ध करू नका. सुरतेत शाळेत जाणारी नातवंडं गुजराती-हिंदी बोलतात, पुण्याची वेगळंच बोलतात. आजीची अहिराणी त्यांना पुढे याच अर्ध्या तासात ऐकायला मिळणार आहे. लिहिता येत असेल तेवढी वाक्यं तिच्याच शब्दांत फोटोखाली लिहा.

हे करायला वेगळा मुहूर्त शोधावा लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, दुपारी झोका आणि आमरस-पुरणपोळी झाली की सगळ्या बैठकीत लोळत असतात. श्रावणात कानबाई देवीचे रोट, म्हणजे कुळाचा नैवेद्य, असतात तेव्हा तर एका कुळातले भाऊबंद नोकरी-धंद्याच्या गावांहून येतात. सुरतवाले हमखास येतात. प्रिंटचा गठ्ठा आणि एक मऊ पेन्सिल मध्ये ठेवा, एवढंच पुरतं. टीव्हीवर लावून दाखवायचं असेल तर तेही दाखवा, पोरांना मजा येते, पण टीव्हीपुढे माणसं गप्प बसून बघतात आणि प्रिंट हातात आली की बोलतात, हा फरक मी पाहिला आहे.

प्रिंटच्या मागे लिहायचं झालं तर बॉलपेन दाबून लिहू नका. त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो, आणि गठ्ठ्यात वरच्या फोटोला शाई लागते. जुन्या जाड कागदी फोटोंवर मऊ पेन्सिल उत्तम चालते. हल्लीच्या लॅबच्या फोटोचा मागचा भाग प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल धरत नाही. तिथे पाण्याने न विरघळणाऱ्या शाईचा बारीक पेन घ्या, कडेला लिहा, आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नका.

छापील अल्बम करायचा असेल तर चारही घरांसाठी एकदम चार प्रती करून घ्या. मांडणी एकदाच होते, त्यामुळे दुसऱ्या प्रतीपासून खर्च तुलनेने कमी लागतो. लग्नासारखा जाडजूड करिझ्मा अल्बम सहलीला नको असं मला वाटतं. तो इतका जड असतो की कपाटाच्या तळाशी जातो आणि वर्षातून एकदाही निघत नाही. लहान आकाराचं, तीस-चाळीस पानांचं फोटोबुक मुलंही उचलून बघतात. डिझाइन करणाऱ्याला स्पष्ट सांगा: मागे फुलं, ढग, बदकं टाकू नका, फोटोवर फोटो चढवू नका, आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ मजकुराची जागा सोडा. त्या ओळीत 'सुंदर क्षण' असलं काही लिहू नका. कोण, कुठे, काय चाललं होतं, एवढंच. "सीताखाईच्या कडेला, धुकं हटायची वाट बघताना, डावीकडून आक्का, नाना, सुरतेची छोटी." आवाजासाठी क्यूआर कोड छापायची पद्धत आता आली आहे. छापायला हरकत नाही, पण तो कोड कुठल्यातरी लिंकवर जातो आणि लिंक कधी मरेल याचा नेम नसतो. आवाजाची मूळ फाइल फोटोंसोबत ठेवलीच पाहिजे.

सहलीत कागदही साठतात, त्यांना फोटोंइतकाच मान द्या. सगळ्यांत आधी तिकिटं आणि पावत्या. एसटीच्या मशीनचं तिकीट, टोलची पावती, हॉटेलचं बिल हे बहुतेक थर्मल कागदावर असतं. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदच काळा पडून अक्षर उमटतं. आपल्या उन्हाळ्यात ते वर्ष-दोन वर्षांत कोरं होतं. त्याचं लॅमिनेशन करायला गेलात तर मशीनच्या उष्णतेने सगळा कागद क्षणात काळाकुट्ट होतो. म्हणून घरी आल्याआल्या सगळी तिकिटं एका पांढऱ्या कागदावर मांडून खिडकीच्या उजेडात वरून एक सरळ फोटो घ्या. आणलेल्या वस्तूंचाही असाच घ्या: देवीची ओटी, यात्रेतला घोड्याचा घुंगरू, पोरांनी खिशात भरून आणलेले दगड. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) घरात टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यावर प्रकाश खेळवून अख्खी दृश्यं उभी करत. रेल्वे स्टेशनजवळचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. वस्तूचा फोटो कसा घ्यावा हे शिकायचं असेल तर तिथे जाऊन उभं राहा, यापेक्षा चांगली शाळा आपल्या भागात नाही.

आणि खर्चाची वही. प्रत्येक सहलीत एक नाना किंवा आप्पा असतात जे खिशातल्या छोट्या वहीत हिशेब लिहितात. 'चहा १४ कप, केळी दीड डझन, डिझेल, पोरांना गोळ्या, देवळात दक्षिणा.' हिशेब मिटला की ती वही रद्दीत जाते. जाऊ देऊ नका. कुठे थांबलो, कुठल्या क्रमाने गेलो, त्या वर्षी चहा कितीला होता, आणि नानांचं अक्षर, एवढं सगळं त्यात असतं. पानापानाचे फोटो काढा आणि मूळ वही अल्बमसोबत ठेवा.

साठवणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. मूळ फोटोंच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. तुमच्या बाबतीत एक हार्ड डिस्क अमळनेरला, एक सुरतेला आणि एक प्रत ऑनलाइन, झालं. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं ठेवायला नाही. लग्नाच्या, जुन्या सहलींच्या सीडी-डीव्हीडी घरात असतील तर या महिन्यात उतरवून घ्या. उष्णतेने आणि उजेडाने त्यांचा थर खराब होतो, आणि आता सीडी लावायचा लॅपटॉपही मिळेनासा झाला आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर हार्ड डिस्क ठेवू नका. सगळ्यांत आतली, सावलीची खोली, भिंतीला न टेकलेलं कपाट ही जागा. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि आखाजीला म्हणा हवं तर, डिस्क लावून दोन-चार फोटो उघडून बघा. फक्त ऑनलाइन ठेवून निर्धास्त राहू नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा आपल्याकडच्या कित्येक पोरांचे कॉलेजचे फोटो तिथेच राहिले. गूगलचं खातंही दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर ते काढून टाकण्याची त्यांची तरतूद आहे. खातं एका माणसाच्या नावावर असेल तर त्याच्या पश्चात कुणाला ते मिळावं हे खात्याच्या सेटिंगमध्ये आजच नेमून ठेवता येतं. हा विषय घरात काढायला जड जातो, तरी काढा.

वाटताना एक पथ्य. सामाईक अल्बमची लिंक ज्याच्या हाती जाईल त्याला सगळं दिसतं, म्हणून ती सोसायटीच्या किंवा कॉलेजच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. मुलींचे, लहान मुलांचे, घाटावर स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो स्टेटसला लावण्याआधी ज्याचा त्याचा होकार घ्या. कुणी 'माझा काढून टाक' म्हटलं तर कारण न विचारता काढा. आणि चार घरांना एकदम कुलूप असताना 'आम्ही तोरणमाळला' असं जाहीर करू नका, घरी आल्यावर टाका.

आता सासऱ्यांचा काशीयात्रेचा अल्बम. पानं पिवळी आणि चिकट आहेत म्हणजे तो चिकट पानांवर पारदर्शक प्लॅस्टिक असणारा अल्बम असावा, आपल्याकडे एका काळात घरोघरी तेच होते. त्यातला गोंद आणि पुठ्ठा फोटोला हळूहळू खातात. त्यामुळे फोटो बाहेर काढायला हवेत, पण घाईने नाही. सगळ्यांत आधी अल्बम आहे तसा, पानागणिक फोटो काढून ठेवा, म्हणजे क्रम आणि बाजूला लिहिलेला मजकूर हरवणार नाही. मग एका कोपऱ्यातल्या कमी महत्त्वाच्या फोटोवर प्रयोग करा. प्लॅस्टिक सावकाश उचला. फोटो बोटाने किंवा सुरीने उचकटू नका, तो वाकला की वरचा थर तडकतो आणि ती चीर कायमची. दात साफ करायचा, मेण न लावलेला बारीक दोरा मिळतो, तो फोटोच्या मागे कोपऱ्यातून सरकवा, दोन्ही टोकं धरा आणि करवतीसारखा मागे-पुढे करत पानाला चिकटून पुढे न्या. गोंद कापला जातो आणि फोटो सपाट सुटतो. न सुटणारा असेल तर जबरदस्ती नको, पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेसकटच स्कॅन करायचा, ओढायचा नाही. हेअर ड्रायरची गरम हवा मारायचा सल्ला कुणी देईल, जुन्या रंगीत फोटोंवर मी ती मारत नाही.

स्कॅन ६०० डीपीआयने करा, कारण त्या काळचे फोटो लहान असतात आणि पुढे मोठे करावे लागतात. स्कॅनर नसेल तर मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपनेही चालतं. सावलीत, खिडकीजवळ, फोटो सपाट ठेवून करा. मूळ फोटो सुटल्यावर चिकट पानांच्या नव्या अल्बमात पुन्हा लावू नका. कोपरे अडकवायचे कागदी अल्बम मिळतात ते घ्या, किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटांत ठेवा. उग्र प्लॅस्टिकचा वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळा. डांबराच्या गोळ्या फोटोंच्या पेटीत टाकू नका. पावसाळ्यासाठी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. आणि नेगेटिव्ह असतील, त्या तपकिरी पट्ट्या, तर त्या मुळीच फेकू नका. बऱ्याचदा फोटोपेक्षा नेगेटिव्हच चांगल्या अवस्थेत असते आणि तिच्यापासून काशीच्या घाटावरचे सासरे पुन्हा लख्ख काढता येतात.

हे फोटो स्कॅन झाले की त्यांच्याही चार प्रती काढा आणि सासूबाईंसमोर ठेवा, तोरणमाळच्या गठ्ठ्याच्या आधी. काशीला सोबत कोण कोण होतं, कुठे उतरले होते, गंगेचं पाणी घरी कशातून आणलं, हे सांगणारं माणूस आता घरात एकच आहे. म्हणून कामाचा क्रम बदला: या रविवारी काशीचा अल्बम आणि रेकॉर्डिंग, नऊ मोबाइल पुढच्या रविवारी.